अस्थींची साक्ष : पिपरहवा येथील धातू आणि ओळखीचा प्रश्न

पाली अट्ठकथांमध्ये स्थविर वंगीस यांची एक कथा आहे. प्रव्रज्या घेण्यापूर्वी वंगीस एका चमत्कारिक विद्येसाठी प्रसिद्ध होते. मृत माणसाच्या कवटीवर नखाने टिचकी मारून तो माणूस मरणोत्तर कोठे जन्मला हे ते सांगत आणि लोक त्यासाठी त्यांना द्रव्य देत. हिंडत हिंडत ते तथागतांकडे आले, तेव्हा तथागतांनी त्यांच्यापुढे पाच कवट्या ठेवविल्या. चार कवट्यांविषयी वंगीसांनी सांगितले. पाचवी कवटी अर्हताची होती. तिच्याविषयी त्यांना काहीच सांगता येईना. आपल्याला हे ठाऊक नाही, असे त्यांनी कबूल केले आणि तेथूनच त्यांच्या धम्मजीवनाला आरंभ झाला.

पुनर्जन्माच्या ज्या कल्पनेवर ही कथा उभी आहे ती बाजूला ठेवली, तरी कथेतील एक प्रश्न उरतोच. हाड पाहून माणूस ओळखता येतो काय? येत असल्यास किती, आणि कोठे थांबावे लागते? बौद्धांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ वैद्यकाचा नाही, कारण आपल्या स्तूपांच्या गर्भात अस्थी आहेत. एका विहारातील व्याख्यानानंतर एका तरुण उपासकाने आम्हांला विचारले होते, "सर, दिल्लीच्या संग्रहालयातील अस्थी भगवंतांच्याच कशावरून? हल्ली डीएनए तपासतात. तो का तपासत नाहीत?" सभेतील काही वडीलधाऱ्यांना हा प्रश्न उद्धटपणाचा वाटला. आम्हांला तो तसा वाटला नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी बुद्धवचन ओळखण्यासाठी बुद्धीला व तर्काला पटणे ही कसोटी सांगितली आहे. वचनाला जी कसोटी लावावयाची तिच्यापासून अस्थींना सूट देण्याचे कारण नाही. त्या दिवशी वेळेअभावी जे उत्तर अपुरे राहिले, ते येथे सविस्तर मांडण्याचा आम्ही प्रयत्न करीत आहोत.

अस्थिपरीक्षेचे शास्त्र

मृताच्या अस्थींवरून त्याची ओळख पटविण्याच्या शास्त्राला न्यायसहायक मानवशास्त्र म्हणतात. त्याचा व्यवस्थित विकास विसाव्या शतकात झाला. अमेरिकेत विल्टन क्रॉगमन यांनी १९३९ मध्ये तपास अधिकाऱ्यांसाठी अस्थिपरीक्षेची मार्गदर्शिका लिहिली. दुसऱ्या महायुद्धात मरण पावलेल्या सैनिकांच्या हाडांची मोजमापे घेऊन मिल्ड्रेड ट्रॉटर आणि गोल्डीन ग्लेसर यांनी १९५२ मध्ये लांब हाडांवरून उंची काढण्याची सूत्रे प्रसिद्ध केली. १९८४ मध्ये क्लाइड स्नो अर्जेंटिनात गेले आणि लष्करी राजवटीने नाहीशा केलेल्या माणसांचे सांगाडे निनावी कबरींतून काढून त्यांना त्यांची नावे परत देण्याचे काम त्यांनी तेथील तरुण विद्यार्थ्यांना शिकविले. ज्याला सत्तेने निनावी केले त्याला नाव परत देणे, हा या शास्त्राचा सर्वांत मोठा उपयोग होय.

अस्थिपरीक्षक प्रश्न ठरावीक क्रमाने विचारतो. हे हाड आहे काय? असल्यास माणसाचे की प्राण्याचे? एका माणसाचे की अनेकांचे? स्त्रीचे की पुरुषाचे? मृत्यूच्या वेळी वय किती होते? उंची किती? आघाताच्या वा रोगाच्या खुणा आहेत काय? मृत्यूला किती काळ लोटला? स्त्री-पुरुष भेद मुख्यतः कमरेच्या हाडांवरून आणि काही अंशी कवटीवरून कळतो. लहान वयात दातांवरून आणि हाडांची टोके सांधली गेली आहेत की नाहीत यावरून वय बरेच नेमके ठरते. उतारवयात मात्र 'पन्नाशीच्या पुढचा' यापलीकडे सहसा जाता येत नाही. ऐंशी वर्षांचा मनुष्य आणि पासष्ट वर्षांचा मनुष्य यांची हाडे वेगळी काढणे अवघड असते.

एवढी सर्व उत्तरे मिळाली तरी ती 'हा कोण असू शकेल' एवढेच सांगतात. 'हा अमुकच' असे म्हणण्यासाठी तुलना लागते : त्या व्यक्तीच्या दातांची नोंद, जुन्या अस्थिभंगाचे छायाचित्र किंवा तिच्या रक्ताच्या नातलगाचा डीएनए. तुलनेवाचून नाव नाही, हा या शास्त्राचा पहिला नियम आहे.

सरीर आणि धातू

महापरिनिब्बान सुत्तानुसार कुशीनगरात तथागतांच्या देहाचे दहन झाल्यावर त्वचा, मांस, स्नायू यांची राखही उरली नाही. उरली ती केवळ 'सरीरे'. येथे सरीर या शब्दाचा अर्थ अस्थी असा घ्यावयाचा. या अस्थींवर आठ जणांनी हक्क सांगितला : मगधाचा अजातशत्रू, वैशालीचे लिच्छवी, कपिलवस्तूचे शाक्य, अल्लकप्पाचे बुली, रामग्रामाचे कोलिय, वेठदीपाचा ब्राह्मण, पावेचे मल्ल आणि कुशीनगरचे मल्ल. द्रोण ब्राह्मणाने आठ समान भाग करून तंटा मिटविला आणि अस्थी मोजण्याचे भांडे स्वतःसाठी मागून घेतले. उशिरा पोहोचलेल्या पिप्पलिवनाच्या मोरियांना चितेतील कोळसे मिळाले.

पुढच्या काळात 'सरीर' या शब्दाच्या जोडीला 'धातू' हा शब्द रूढ झाला, आणि अट्ठकथाकारांनी धातूंचे वर्णन जाईच्या कळ्या, धुतलेली मोती आणि सोन्याचे कण अशा उपमांनी केले. म्हणजे श्रद्धेच्या भाषेत अस्थी हळूहळू रत्न झाली. स्तूपांच्या करंडकांतून अस्थींबरोबर मोती, माणके व सोन्याची फुले का निघतात, याचा उलगडा येथे काही अंशी होतो. अस्थिपरीक्षकाच्या दृष्टीने मात्र ही अडचणीची गोष्ट आहे. त्याला कळी आणि हाड वेगळे करावे लागतात.

ओळख कशी बुडते

हाडाला नाव देणारा आधार नाहीसा झाला की काय होते, याचे दुःखद उदाहरण सारनाथचे आहे. १७९४ मध्ये काशीच्या जगतसिंगांच्या माणसांनी विटांसाठी तेथील धर्मराजिका स्तूप खणला. आत दगडी पेटी, पेटीत करंडक आणि करंडकात काही अस्थी, मोती व सोने सापडले. अस्थी गंगेत सोडण्यात आल्या. त्या वेळी काशीला रेसिडेंट असलेल्या आणि पुढे मुंबईचे गव्हर्नर झालेल्या जोनाथन डंकन यांनी ही हकीकत नोंदविली. अस्थी कोणाच्या याविषयी लोकांचे तर्क त्यांनी दिले आहेत. त्यांत पतीच्या चितेवर जळालेल्या एखाद्या राणीच्या त्या असाव्यात असाही एक तर्क आहे. डंकन यांनी स्वतः त्या बुद्धाच्या उपासकाच्या असाव्यात असे मानले. आज यांपैकी कोणतेही मत तपासता येत नाही. अस्थी गेल्या आणि प्रश्नही त्यांच्याबरोबर गेला.

याउलट सांचीचे उदाहरण आहे. १८५१ मध्ये कनिंगहॅम आणि मेसी यांनी तेथील तिसऱ्या स्तूपातून सारिपुत्त आणि महामोग्गल्लान यांचे धातू काढले. हाडांचे तुकडे इवलेसे होते. त्यांवरून वय किंवा उंची काढणे शक्य नव्हते. नावे कळली ती पेट्यांच्या झाकणांवर कोरलेली होती म्हणून. हे धातू इंग्लंडला गेले, तेथून परत आले आणि १९५२ मध्ये सांचीच्या नव्या विहारात त्यांची प्रतिष्ठापना झाली. म्हणजे सांचीला हाडाने काही सांगितले नाही. सांगितले ते अक्षरांनी.

पिपरहवा : १८९८

आता मुख्य विषयाकडे वळू. उत्तर प्रदेशात नेपाळच्या सीमेलगत, आज सिद्धार्थनगर जिल्ह्यात असलेल्या पिपरहवा येथे १८९८ च्या जानेवारीत विल्यम क्लॅक्स्टन पेपे या इंग्रज जमीनदाराने आपल्या जमिनीवरील स्तूप खणविला. विटांचे भरीव बांधकाम फोडून खाली गेल्यावर वालुकाश्माची एक प्रचंड, अखंड पेटी लागली. तीत शंखजिऱ्याचे करंडक, माशाच्या आकाराची मूठ असलेला स्फटिकाचा करंडक, शेकडो रत्ने, सोन्याच्या पत्र्याची फुले आणि अस्थींचे तुकडे होते. शंखजिऱ्याच्या एका करंडकावर ब्राह्मी लिपीत लेख होता. त्यात बुद्ध भगवान, शाक्य, आणि बहिणी, पुत्र व पत्नी यांच्यासह भाऊ यांचे उल्लेख आहेत, आणि या ठेव्याला 'सलिलनिधने', म्हणजे शरीरधातूंचे निधान, असे म्हटले आहे.

त्याच वेळी सीमेपलीकडे अँटन फ्यूरर हे सरकारी पुरातत्त्व अधिकारी उत्खनन करीत होते. त्यांनी केलेल्या बनवेगिऱ्या त्याच वर्षी उघडकीस आल्या. ब्रह्मदेशातील ऊ मा या भिक्खूंना त्यांनी जे 'बुद्धधातू' पुरविले, त्यांतील दात घोड्याचा असल्याचे दिसून आले. 'माणसाचे की प्राण्याचे?' हा अस्थिपरीक्षेचा पहिला प्रश्न किती महत्त्वाचा आहे हे यावरून ध्यानात यावे. श्रद्धेने हात जोडलेल्या भिक्खूंची फसवणूक उघड झाली ती चिकित्सेमुळे. चिकित्सा ही श्रद्धेची वैरीण नसून पहारेकरी आहे, हे आम्ही म्हणतो ते याच आधारावर.

फ्यूरर यांच्या सान्निध्यामुळे पिपरहव्याच्या लेखावरही काहींनी संशय घेतला. तथापि लेखाची भाषा, अक्षरवळण आणि रचना यांचा विचार करून बहुतेक लेखविदांनी तो अस्सल मानला आहे. खरा वाद अर्थाचा झाला. ब्यूलर आदी विद्वानांनी 'शाक्यांनी स्थापिलेले बुद्धाचे शरीरधातू' असा अर्थ घेतला. मुंबई इलाख्यात दीर्घकाळ नोकरी केलेल्या जे. एफ. फ्लीट यांनी पुढे वेगळा अर्थ मांडला : हे धातू बुद्धाच्या आप्तांचे, म्हणजे विडूडभाने कत्तल केलेल्या शाक्यांचे होत. लेखातील विभक्ती दोन्हीकडे ओढता येतात. पालीचा अभ्यासक म्हणून आम्हांला पहिला अर्थ अधिक सरळ वाटतो. परंतु व्याकरणाने जे पूर्णपणे मिटत नाही, तेथे हाडाला बोलावता येते काय?

येते, आणि येथेच अस्थिपरीक्षेचे महत्त्व आहे. बुद्धाचे धातू म्हणजे एका व्यक्तीच्या अस्थी. आप्तांचे धातू म्हणजे अनेकांच्या. माणसाच्या डोक्यात कानामागचे अत्यंत टणक असे एक हाड प्रत्येक बाजूला एकेक असते आणि ते दहनातही पुष्कळदा टिकते. एका संचात डाव्या बाजूची अशी दोन हाडे निघाली, तर ती किमान दोन माणसांची, यात शंका राहत नाही. त्या संचात लहान मुलाचे हाड निघाले, तर ऐंशी वर्षांच्या महापुरुषाच्याच त्या सर्व अस्थी होत असे म्हणता येणार नाही. मात्र हे अस्त्र एकाच दिशेने चालते. एकही हाड दुहेरी न निघाल्यास 'या एकाच माणसाच्या असू शकतील' एवढेच सिद्ध होते. हाड नाकारू शकते. होकार देण्याची त्याची ताकद तुटपुंजी असते.

१८९८ मध्ये अशी परीक्षा होण्याआधीच अस्थी विभागल्या गेल्या. ब्रिटिश सरकारने १८९९ मध्ये त्या सयामचे राजे चुलालंकर्ण यांना दिल्या, आणि त्यांनी त्यांतील काही भाग ब्रह्मदेश व श्रीलंका येथील बौद्धांना वाटला. बँकॉकच्या वाट साकेत येथील सुवर्णगिरीवर त्यांची प्रतिष्ठापना झाली. बौद्ध जगाला आनंद देणारी ही घटना होती, हे खरे. परंतु एका पेटीतील अस्थी तीन देशांत गेल्या, करंडक कलकत्त्याच्या संग्रहालयात गेले आणि रत्नांपैकी काही 'एकासारखी एक' समजून पेपे यांच्याकडे राहू दिली गेली. जे दोन हजार वर्षे एकत्र होते ते दोन वर्षांत पांगले. २०२५ मध्ये हीच रत्ने हाँगकाँगला लिलावास निघाली, भारत सरकारने हरकत घेतली आणि त्याच वर्षीच्या जुलैमध्ये ती भारतात परत आली. अस्थींबरोबर पुरलेल्या वस्तूंना बाजारात किंमत येते, यातच त्यांच्यापासून अस्थी तोडल्याचे फळ दिसते.

पिपरहवा : १९७१ नंतर

१९७१ ते १९७७ या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या वतीने के. एम. श्रीवास्तव यांनी तेथे पुन्हा उत्खनन केले. पेपे यांच्या दगडी पेटीच्या पातळीखाली त्यांना विटांच्या दोन कोठड्या मिळाल्या. त्यांतील शंखजिऱ्याच्या करंडकांत जळालेल्या अस्थींचे एकूण २२ तुकडे होते. शेजारच्या विहारात कपिलवस्तूच्या भिक्खुसंघाचा उल्लेख असलेल्या मातीच्या मुद्राही सापडल्या. खालच्या कोठड्या वरच्या पेटीहून जुन्या, आणि म्हणून त्या शाक्यांनी उभारलेल्या मूळ स्तूपाच्या, असे श्रीवास्तव यांचे प्रतिपादन आहे. यांतील बहुतेक अस्थी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. त्यांतील काही २०२२ मध्ये मंगोलियात आणि २०२४ मध्ये थायलंडमध्ये दर्शनासाठी नेण्यात आल्या, तेव्हा लक्षावधी लोकांनी वंदन केले.

येथे ओळखीचा आधार काय? हाड नव्हे. आधार आहे थराचा, करंडकाच्या घडणीचा, मुद्रांचा, वरच्या लेखाचा आणि सुत्तातील वृत्तांताचा. हे पाच धागे एकमेकांना बळकटी देतात. कोणताही एक धागा एकटा पुरेसा नाही.

आता त्या तरुणाच्या डीएनएच्या प्रश्नाकडे येऊ. चितेत हाड प्रथम काळे पडते, मग निळसर-राखाडी होते आणि सुमारे ८०० अंश सेल्सिअसच्या वर पांढरे होते. ते आक्रसते, तडकते, वाकते. पांढऱ्या झालेल्या हाडात डीएनए बहुधा उरत नाही. अर्धवट जळालेल्या तुकड्यात उरला, तरी तराईच्या उष्ण, ओलसर भूमीत त्याने दोन हजारांहून अधिक पावसाळे काढलेले असतात. शिवाय समजा, डीएनए मिळाला. तुलना कोणाशी करावयाची? तथागतांच्या वंशातील निश्चित ठाऊक असलेली अशी एकही व्यक्ती आज नाही.

कार्बन-१४ पद्धतीने काळ ठरवावा म्हटले, तर दोन अडचणी येतात. पूर्ण जळालेल्या हाडातील कार्बनचा काही भाग चितेच्या लाकडातून आलेला असतो. दुसरे असे की, इ. स. पू. सुमारे ८०० ते ४०० या चार शतकांतील नमुने या पद्धतीत जवळजवळ सारखेच वय दाखवितात. महापरिनिर्वाणाचे वर्ष इ. स. पू. ४८३ मानावे की ४०० च्या आसपास, हा वाद नेमका या पट्ट्यात पडतो. तथापि हाड मौर्यकाळानंतरच्या कित्येक शतकांनंतरचे असेल, तर ते या पद्धतीने उघड होईल. येथेही नकार स्पष्ट, होकार धूसर.

गोव्याचा धडा

तुलना उपलब्ध असेल तर चित्र कसे बदलते, हे पाहण्यासाठी दूर जावे लागत नाही. जॉर्जियाची राणी केतेवान हिला १६२४ मध्ये इराणातील शिराज येथे शाह अब्बासच्या आज्ञेने ठार मारण्यात आले. ऑगस्टिनियन पंथीयांनी तिच्या काही अस्थी गोव्याला आणल्या आणि जुन्या गोव्यातील आपल्या मठात दगडी पेटीत ठेवल्या, असे जुने कागद सांगत होते. मठ ओसाड पडून कोसळला. या शतकाच्या आरंभी पुरातत्त्व सर्वेक्षणाला त्या कागदांत सांगितलेल्या जागेचा शोध घेताना हाताचे एक हाड मिळाले. हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राने त्याचा मातृवंशीय डीएनए तपासला. त्याचा जो प्रकार निघाला तो भारतीय उपखंडातील २२ हजारांहून अधिक नमुन्यांत आढळला नाही. जॉर्जियातील ३० नमुन्यांपैकी दोघांत आढळला. शेजारी मिळालेल्या इतर दोन हाडांचे प्रकार मात्र भारतीय निघाले. संशोधकांनी 'हे हाड राणीचे असण्याचा संभव मोठा' असे मोजून मापून म्हटले. २०२१ मध्ये भारताने ते जॉर्जियाला दिले.

हे हाड जळालेले नव्हते, चारशे वर्षांहून जुने नव्हते, राणी परदेशची होती आणि जागा कागदावर लिहिलेली होती. इतके सारे अनुकूल असूनही डीएनएने 'राणी केतेवान' असे नाव उच्चारले नाही. त्याने 'परदेशी' एवढेच सांगितले. नाव कागदाने दिले.

आमचे मत

तेव्हा त्या तरुण उपासकाला आमचे उत्तर असे. पिपरहव्याच्या अस्थी तथागतांच्या आहेत हे प्रयोगशाळा सिद्ध करणार नाही आणि तशी तिच्याकडून अपेक्षाही ठेवू नये. त्या शाक्यांनी किंवा त्यांच्या परंपरेतील लोकांनी बुद्धाच्या म्हणून जपल्या, याचा पुरावा मात्र भक्कम आहे. आम्ही वंदन करतो ते या पुराव्याच्या जोरावर. त्याच वेळी अस्थींना धक्का न लावता होणारी परीक्षा, म्हणजे प्रत्येक तुकड्याचे वजन, मोजमाप, छायाचित्र आणि क्ष-किरणचित्र, दिल्ली, बँकॉक, म्यानमार व श्रीलंका येथील संघांच्या संमतीने व्हावी आणि सर्वांची एकच सूची व्हावी, असे आम्हांला वाटते. फ्लीट यांच्या प्रश्नाला उत्तर मिळाले तर तेथूनच मिळेल. ते उत्तर आपल्या मनाविरुद्ध आले तरी स्वीकारण्याची आपली तयारी हवी. धम्म अस्थींवर उभा नाही.

यातून आपल्यासाठी एक व्यवहाराचा बोधही निघतो. चैत्यभूमी आणि दीक्षाभूमी येथील बाबासाहेबांच्या अस्थींविषयी कोणी परीक्षा मागत नाही, कारण ७ डिसेंबर १९५६ रोजी दादरच्या चौपाटीवर लक्षावधी डोळ्यांदेखत दहन झाले आणि त्या अस्थी ज्या हातांतून गेल्या ते हात ठाऊक आहेत. ही साक्षीची साखळी हाच सर्वांत मोठा पुरावा होय. परंतु साक्षीदार म्हातारे होतात आणि जातात. अनेक गावांच्या विहारांतही बाबासाहेबांच्या अस्थींचे कलश आहेत. त्यांतील किती कलशांशेजारी एखादी वही आहे? अस्थी कोणी आणल्या, कोणाकडून, कोणत्या दिवशी, कोणासमक्ष त्या ठेवल्या, याची नोंद किती ठिकाणी झाली आहे? ज्यांनी त्या आणल्या त्यांच्यापैकी कोणी किंवा त्यांची मुले हयात असतील, तर त्यांच्याकडे बसून हे आजच लिहून घ्यावे, त्यावर सह्या घ्याव्यात आणि एक प्रत कलशापाशी, एक विहाराच्या दप्तरी ठेवावी. पिपरहव्याच्या त्या भावाबहिणींनी शंखजिऱ्याच्या झाकणावर एक ओळ कोरली नसती, तर आज आपल्या हाती मूठभर निनावी हाडे उरली असती.